बरा झालेला पाय

पास्क्वालच्या पायावर खोरं पडलं तो मंगळवार होता. जूनचा दुसरा आठवडा. मका गुडघ्याच्या वर आला होता आणि त्याला मातीची भर घालायचं काम पाक्साकच्या सगळ्या उतारांवर एकदमच निघालं होतं. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे माती जड झाली होती, खोऱ्याला चिकटून वर येत होती. पास्क्वाल दर पाच-सहा घावांनी थांबायचा, पात्यावरचा चिखल अंगठ्यानं निपटायचा आणि पुन्हा वाकायचा. त्याच्या खालच्या ओळीत त्याची बायको तोमासा तण उपटत होती. उतार इतका उभा की तिचं डोकं त्याच्या बुटांच्या पातळीला.

तिनं आवाज ऐकला तो लोखंड दगडावर घासल्याचा. वर बघितलं तर पास्क्वाल खोऱ्याच्या दांड्याला धरून उभा होता आणि डाव्या पायाकडे पाहत होता. रबरी बूट पुढून फाटला होता.

"दगड होता मातीखाली," तो म्हणाला.

तिनं बूट ओढून काढला. आतून रक्त सांडलं. अंगठ्याच्या शेजारच्या दोन बोटांच्या मुळाशी पाय आडवा कापला गेला होता, आत पांढरं दिसत होतं. तिनं प्यायच्या पाण्याची घागर त्यावर रिकामी केली, कमरेचा विणलेला पट्टा सोडला आणि पाय घट्ट बांधला. लुगडं एका हातानं सावरत, दुसरा हात नवऱ्याच्या काखेत घालून ती खाली निघाली. आरोग्य चौकी त्यांच्या शेताच्या बरोबर पायथ्याशी होती. निळ्या दाराची, सिमेंटची दोन खोल्यांची इमारत. उतरायला एरवी दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी पाऊण तास लागला.

दाराला कुलूप होतं.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी छातीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. "नर्स येईल," ती म्हणाली. "मी सकाळपासून बसले आहे. येईलच."

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. पट्टा काळा पडून कडक झाला. गावच्या आरोग्य समितीचे तात लुकास वरच्या वाटेनं सरपण घेऊन चालले होते. तात म्हणजे आमच्याकडे वडीलधारा पुरुष, जशी वडीलधारी बाई ती नान. लुकास आता साठीचे, पण दोरी कपाळाला लावून लाकडाचा भारा पाठीवर वाहायचे अजून. ते भाऱ्यासकट वाकूनच उभे राहिले.

"नर्स देलिया तालुक्याला, सान बेर्नाबेला गेली आहे," ते म्हणाले. "काल पण नव्हती."

"मग आम्ही जातो सान बेर्नाबेला," तोमासा म्हणाली.

"कशानं? गाडी गुरुवारी. बाजाराला."

पास्क्वालनं पाय जमिनीला टेकवून पाहिला आणि उचलला. "उद्या येऊ," तो म्हणाला. "थांबलंय रक्त."

बुधवारी पण कुलूप होतं.

गुरुवारी बाजारच्या गाडीत, कोबीच्या गोण्यांवर पाय वर ठेवून पास्क्वाल तालुक्याला गेला. सान बेर्नाबेच्या आरोग्य केंद्रात खिडकी आहे. त्या खिडकीला जाळी आहे आणि ती इतकी खाली बसवली आहे की बोलणाऱ्याला वाकावं लागतं. आतल्या बाईनं वर न बघता विचारलं, "कुठला तू?"

पास्क्वाल चाळीस वर्षांचा. गावात त्याला कोणी एकेरी हाक मारत नाही, त्याची आई आणि बायको सोडून.

"पाक्साकचा," तो मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला.

"पाक्साकला चौकी आहे ना? तिथे का नाही दाखवलंस?"

"बंद होती, सेन्योरा."

"बंद कशी असेल? आमच्याकडे तर ती रोज उघडी आहे." तिनं नाव विचारलं, मोठ्यानं उच्चारलं, चुकीचं उच्चारलं आणि लिहून घेतलं. "पास्क्वाल त्सोक. बस तिकडे."

आतल्या तरुण डॉक्टरनं पाय धुतला. टाके घालायची वेळ निघून गेली, असं म्हणाला. सुईचं औषध संपलंय, गोळ्या बाहेरून घे, म्हणून चिठ्ठी दिली. गोळ्या जेवढ्या जमल्या तेवढ्या घेतल्या. चौदाव्या दिवशी पायाची दोन बोटं वांग्यासारखी झाली आणि पास्क्वाल तापानं बरळायला लागला, तेव्हा लुकासनी चार पोरं गोळा केली. खुर्चीला बांबू बांधून त्याला डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. तिथून जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या सर्जननं दोन्ही बोटं काढली, तळव्याचा थोडा भागही काढला. "आठवडाभर आधी आणायला हवं होतं," तो तोमासाला म्हणाला. तिला तेवढं स्पॅनिश कळलं.

*

भर घालायचं काम थांबत नाही. माती लावली नाही तर ऑगस्टच्या वाऱ्यात मका आडवा होतो. पास्क्वाल दवाखान्यातून आला तेव्हा निम्मं शेत राहिलं होतं आणि ते तोमासानं हातात घेतलं. खोरं तिच्या उंचीला लांब होतं. पहिल्या दोन दिवसांत तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले, मग तिनं चिंध्या गुंडाळल्या. संध्याकाळी मक्याचं पीठ थापताना हाताची आग व्हायची, म्हणून पास्क्वालनं एक दिवस तिच्या हातातून गोळा घेतला आणि स्वतः थापायला बसला.

त्याची भाकरी चौकोनी झाली.

त्याची आई, नान इसाबेल, चुलीपाशी बसली होती. "चाळीस वर्षांपूर्वी मला मुलगी हवी होती," ती म्हणाली. "देवानं उशीर केला, पण दिली."

पास्क्वाल हसला. पण शेजारचे लोक आले की तो पीठ झाकून ठेवायचा आणि पाय चादरीखाली घ्यायचा. दारातून कोणी "तात पास्क्वाल, पाय कसा आहे?" म्हटलं की "चांगला आहे" म्हणायचा. जुन्या बुटाच्या टोकात तो चिंध्या कोंबायचा, म्हणजे बाहेरून दोन्ही पाय सारखे दिसत. उतारावर मात्र डावा पाय माती धरेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बसून घसरत खाली आला. नंतर शेतात आला नाही.

जुलैच्या शेवटी लुकास शेताच्या बांधावर येऊन बसले. तोमासा खोऱ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"समितीत एक बाई हवी," ते म्हणाले. "तू ये."

"मला काय कळतं त्यातलं?"

"काही कळायला नको. तू इथे रोज असतेस. इथून चौकीचं दार दिसतं. उघडं की बंद, एवढं लिहायचं."

"मी तिसरीपर्यंत शिकले, तात."

"उघडं आणि बंद लिहायला तिसरी पुष्कळ."

तिनं मुलीची अर्धी कोरी वही घेतली. सकाळी शेतात पोचलं की दाराकडे बघायचं, सूर्य डोक्यावर आला की बघायचं, घरी निघताना बघायचं. बांधावर बसून ती लिहायची: तारीख, वार, आणि एक शब्द. पहिल्या आठवड्यात चार वेळा बंद. दुसऱ्यात तीन वेळा बंद, एकदा दुपारी उघडं. बाकावर किती माणसं बसून उठून गेली तेही ती लिहायला लागली, कारण ती दिसायची. पोटुशी एक बाई, पावसात, एक तास. पाठीवर पोर, बाप बरोबर, परत गेले.

देलिया ज्या दिवशी यायची त्या दिवशी चालत यायची. तिशीतली, ठेंगणी, पाठीवर लसींची थंड पेटी. तीही आमची किचे भाषाच बोलायची, पण दुसऱ्या गावची, त्यामुळे तिचे हेल आमच्या बायकांना मजेशीर वाटायचे. एका शुक्रवारी तिनं चौकीतून वर पाहिलं, दार ओढून घेतलं आणि चढून शेतात आली. तिच्या बुटाचा तळ सुटला होता, तो तिनं दोरीनं बांधला होता.

"नान तोमासा, तुम्ही वहीत काय लिहिता?"

तोमासानं वही लपवली नाही. "तुझं दार."

देलियानं वही घेऊन पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग बांधावर बसली.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. "बुधवार चौदा तारखेला मी दुपारी दोनला गेले, तुम्ही लिहिलंय 'दुपारपर्यंत उघडं'. तेही बरोबर."

"रागावलीस?"

"नाही. लिहा तुम्ही. पण मी बंद करून कुठे असते, तेही लिहा ना."

"कुठे असतेस?"

"दोन दिवस चितुयच्या चौकीत. तिथेही मीच. आणि सोमवारी नाहीतर मंगळवारी, कधी दोन्ही दिवस, सान बेर्नाबेला, मागच्या खोलीत, तक्ते भरत. तिथले मोठे डॉक्टर आरियागा सांगतात, आधी कागद, मग माणसं. मी एकटी आहे, नान. माझे दोनच पाय आहेत."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. तोमासानं तिच्याकडे पाहिलं, मग टोपलीतून मक्याचं उकडलेलं कणीस काढून तिला दिलं. देलियानं ते उभ्यानं, घाईनं खाल्लं. सकाळपासून तिच्या पोटात काही नसावं.

त्या दिवसापासून वहीत तिसरा रकाना आला, मागच्या दिवसांचाही देलियानं सांगून भरून घेतला. बंद, देलिया चितुयला. बंद, देलिया तालुक्याला.

*

माहिती मागायचा कायदा आमच्याकडे आहे. लुकासनी तो कुठल्याशा सभेत ऐकला होता. त्यांनी ऑगस्टमध्ये अर्ज दिला: पाक्साक चौकीचं जूनपासूनचं रजिस्टर दाखवा. अर्ज हरवला. दुसरा दिला, तो चुकीच्या माणसाच्या नावे होता. तिसऱ्याला उत्तर आलं आणि सप्टेंबरच्या शेवटी लुकास झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत घालून थेट तोमासाच्या घरी आले. चुलीपाशी बसून चष्म्याची काडी कानाला गुंडाळली.

"जून. कामाचे दिवस वीस. चौकी उघडी, वीस."

"वीसपैकी वीस?" नान इसाबेलनं विचारलं. "देवळाचं दारसुद्धा इतकं उघडं नसतं."

लुकास हसले नाहीत. त्यांनी एक पान वेगळं काढलं होतं. "हे अकरा तारखेचं. मंगळवार." ते थांबले, पास्क्वालकडे पाहिलं आणि मग स्पॅनिश वाचून किचेत सांगत गेले. "पास्क्वाल त्सोक. वय चाळीस. डाव्या पायाला जखम. स्वच्छ केली. सहा टाके घातले. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. चौदा, अठरा आणि पंचवीस तारखेला मलमपट्टी. पंचवीस तारखेला... रुग्ण बरा."

चुलीत लाकूड फुटलं. पंचवीस जूनला पास्क्वाल जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. त्या दिवशी सकाळीच त्याची बोटं काढली होती.

"म्हणजे मी बरा आहे," पास्क्वाल म्हणाला.

तो हसत होता, पण त्याचा हात चादरीखाली पायाकडे गेला होता. तोमासा उठून बाहेर गेली. परसात जाऊन तिनं जेवढं लाकूड फोडायचं नव्हतं तेवढं फोडलं.

पानाच्या खाली सही देलियाची होती.

दुसऱ्या दिवशी चौकी उघडी होती. तोमासा बाकावर बसली नाही, सरळ आत गेली. देलिया एका बाळाला वजनाच्या झोळीत ठेवत होती. झेरॉक्स बघितल्याबरोबर तिला कळलं. तिनं वजन वाचलं, बाळ आईकडे दिलं, आई गेल्यावर दार लोटलं.

"त्या गुरुवारीही तक्ते भरत मी केंद्राच्या मागच्या खोलीत होते," ती म्हणाली. "खिडकीतली बाई नाव ओरडली ते मी ऐकलं. पाक्साकचा माणूस, म्हणून उठून बघितलं. तात पास्क्वाल बाकावर बसले होते, पाय वर धरून."

"आणि तू बाहेर आली नाहीस."

"डॉक्टर आरियागा म्हणाले, हा मंगळवारी जखमी झालाय, मंगळवारी तुझी चौकी उघडी दाखवलीय, मग तिथे त्याच्यावर उपचार झालेलेच पाहिजेत. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. पुढच्या तारखाही तेव्हाच लिहिल्या. त्यांची बोटं जातील हे मला काय माहीत." तिचा आवाज बारीक होत गेला. "माहीत नसलं म्हणून काय झालं. मी नर्स आहे. जखम किती खोल होती ते मला तिथूनच दिसत होतं."

तोमासानं झेरॉक्सची घडी घातली. तिला या मुलीला मारावंसं वाटत होतं, आणि या मुलीनंच दोन वर्षांमागे नान इसाबेलच्या न्यूमोनियात तीन रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या आणि एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

"गावात सभा आहे," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टर येणार आहेत. वरच्या कार्यालयातल्या बाईही. तू येशील?"

"आले तर माझी नोकरी जाईल."

"नाही आलीस तरी जाईल. ते तुझंच नाव घेतील. सही तुझी आहे."

देलियानं झोळी घडी करून ठेवली.

पास्क्वालनं मात्र सरळ सांगितलं, "मी येणार नाही. सगळ्या गावापुढे पाय उघडा करू? जत्रेतला बैल आहे का मी?"

"कोणी पाय मागितला नाही तुझा," तोमासा म्हणाली.

"मागतील."

*

सभा ऑक्टोबरच्या मधल्या रविवारी, शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. बायका डावीकडे जमिनीवर, पुरुष उजवीकडे बाकांवर, पुढे टेबल. टेबलामागे डॉक्टर आरियागा, घामेजलेले, पन्नाशीचे, आणि वरच्या कार्यालयातल्या बाई, ज्या येताना गाडी लागल्यामुळे पांढऱ्या पडल्या होत्या. कुणीतरी त्यांना लिंबाचं पाणी दिलं. देलिया खिडकीशी उभी होती, पांढऱ्या गणवेशात. ती आली होती.

लुकासनी आकडे वाचले. तोमासाच्या वहीप्रमाणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकी बेचाळीसपैकी सतरा दिवस उघडी. केंद्राच्या कागदांप्रमाणे बेचाळीस दिवस.

डॉक्टर नम्रपणे उठले. "एका गृहिणीची वही आणि एक शासकीय दस्तऐवज, यांत फरक असू शकतो," ते म्हणाले आणि लुकासनी ते जसंच्या तसं किचेत सांगितलं. "कृपया भावनेच्या भरात जाऊ नका. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाची नोंद असते." त्यांनी आपली फाईल उघडली, उदाहरण द्यायला पान शोधलं. आणि नशीब कसं ते बघा, किंवा लुकासच्या अर्जामुळे ते पान वरच लागलेलं असेल, त्यांनी अकरा जूनचं पान वाचलं. सहा टाके. तीनदा मलमपट्टी. रुग्ण बरा.

मागच्या बाकावर हालचाल झाली. पास्क्वाल तिथे होता. तो कधी आला तोमासालाही माहीत नव्हतं. काठी टेकत तो बाकांच्या मधून पुढे आला, टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला आणि बूट काढायला लागला. चिखलानं बूट घट्ट बसला होता, निघायला वेळ लागला. खोलीत फक्त रबर ओढल्याचा आवाज. बुटातून चिंध्यांचा बोळा जमिनीवर पडला. त्यानं पाय समोर धरला.

"डॉक्टर," तो किचेत म्हणाला, "हे सहा टाके मला दाखवा. मला घरी सापडत नाहीत."

लुकासना स्पॅनिशमध्ये सांगायची गरज पडली नाही. कार्यालयातल्या बाईंनी लिंबाचं पाणी खाली ठेवलं.

डॉक्टरांनी पाय पाहिला, मग फाईलमधलं पान, मग सही. "हे अत्यंत गंभीर आहे," ते म्हणाले. "खोटी नोंद. सही नर्स देलियांची आहे. मी आपल्याला शब्द देतो, यांच्यावर उद्याच कारवाई होईल."

पुरुषांच्या बाजूनं संमतीची कुजबुज उठली. काही जण खिडकीकडे वळून बघायला लागले. देलिया सरळ उभी होती, पण तिचे कान लाल झाले होते.

तोमासा उठली. सभेत ती आधी कधी बोलली नव्हती, तिला कोणाकडे बघावं कळेना, म्हणून तिनं वहीकडे बघितलं.

"मी वाचते," ती म्हणाली. "सहा ऑगस्ट, मंगळवार. बंद. देलिया तालुक्याला, तक्ते भरायला. आठ ऑगस्ट, गुरुवार. बंद. देलिया चितुयला. बारा ऑगस्ट, सोमवार. बंद. देलिया तालुक्याला." ती वाचत राहिली. सगळं वाचलं, पंचवीस ओळी. कोणी थांबवलं नाही. "तिनं खोटं लिहिलं, ते तिनं मला तोंडावर सांगितलं. पण ती तालुक्याला स्वतःच्या पायानं गेली नाही. तिला बोलावलं. आम्हाला नर्स घालवायची नाहीये. आम्हाला दार उघडं पाहिजे."

मग देलिया बोलली, आधी किचेत आणि मग तेच स्पॅनिशमध्ये, खालच्या आवाजात, मागची खोली, गुरुवार, सांगितलेल्या तारखा. शेवटी म्हणाली, "सही माझी आहे. ती मी नाकारत नाही."

डॉक्टर आरियागा बसले. त्यांनी रुमालानं मान पुसली, आणि जेव्हा ते परत बोलले तेव्हा त्यांचा सभेतला आवाज गेला होता.

"माझ्याकडे अकरा चौक्या आहेत आणि चार नर्सेस," ते म्हणाले. "बंद लिहिलं तर वरून विचारतात, बंद का ठेवली. माणसं द्या म्हटलं तर उत्तर येत नाही. उघडी लिहिलं तर कोणी विचारत नाही."

"आम्ही विचारतोय ना," तोमासा म्हणाली. मग ती कार्यालयातल्या बाईंकडे वळली. "हे तुम्हाला माहीत होतं का? अकरा आणि चार?"

लुकासनी भाषांतर केलं. "आकडा माहीत होता," त्या म्हणाल्या. "त्याचा असा अर्थ होतो, हे... नाही."

"मग हेही लिहा," लुकास म्हणाले आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

कागद लिहायला दुपार गेली. एक नर्स फक्त पाक्साकला, पाच दिवस. तक्ते भरायला तिला तालुक्याला बोलवायचं नाही. औषधं काय आहेत, काय नाहीत, याची यादी दर सोमवारी दारावर. दार बंद ठेवलं तर कारण दारावर. देलियावर ठपका येईल, तो टळणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. डॉक्टर आरियागांवरही येईल, असंही सांगितलं, आणि डॉक्टरांसमोर सांगितलं. सह्या झाल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले.

पास्क्वाल अजून खुर्चीवरच होता, बूट हातात धरून.

"माझं राहिलं," तो म्हणाला. "ते 'बरा' खोडा."

"झालेली नोंद खोडता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मी मेल्यावरही तिथे बराच राहणार?"

बाईंनी मार्ग सांगितला. खोडता येत नाही, पण खाली दुरुस्ती लिहिता येते, सही-तारखेनिशी. मूळ रजिस्टर चौकीत आहे. सभा उठून अर्धं गाव चौकीत गेलं. देलियानं कुलूप उघडलं, रजिस्टर काढलं, अकरा जूनचं पान उघडलं आणि लाल शाईचं पेन हातात घेतलं.

"सांगा, तात," ती म्हणाली.

पास्क्वाल सांगत गेला, ती लिहीत गेली. मंगळवारी चौकी बंद होती. बुधवारी बंद होती. टाके घातले नाहीत. इंजेक्शन दिलं नाही. पंचवीस जूनला जिल्ह्याच्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढली.

"आणखी?"

पास्क्वालनं थोडा विचार केला. "मला उतारावर उभं राहता येत नाही," तो म्हणाला. "हे लिहितात का अशा ठिकाणी?"

देलियाचं पेन थांबलं होतं. तिनं मान खाली घातली आणि तेही लिहिलं.

*

नोव्हेंबरात मका काढला. वर्ष वाईट गेलं नाही. पास्क्वाल घरी बसून कणसं सोलायचा, आणि आता दारात कोणी आलं तर पाय आत घेत नसे. चौकी सोमवार ते शुक्रवार उघडी असायची. एकदा औषधं संपली तेव्हा दारावर 'संपली' असं लिहिलेलं होतं. नान इसाबेल म्हणाली, निदान खरं तरी लिहिलं.

एका बुधवारी तोमासा रिकाम्या शेतात धाटं गोळा करत होती. खालून एक अनोळखी बाई वर आली. पाठीवरच्या फडक्यात पोर, पायात प्लास्टिकच्या सपाता, चेहरा उन्हानं आणि रागानं तापलेला.

"तोमासा तूच ना?" ती म्हणाली. "मी पेत्रोना, चितुयची. तीन तास चालत आले. तुझ्या सभेपासून आमची चौकी पूर्ण बंद आहे. आठवड्यातून दोन दिवस नर्स यायची, ती पण तुम्ही घेतलीत."

तोमासानं धाटांचा भारा खाली टाकला. हे तिनं धरलं नव्हतं. त्या कागदावर पाक्साक लिहिताना चितुय कुणालाच आठवलं नव्हतं, तिलाही नाही, आणि चितुय तिच्या स्वतःच्या वहीत वीस ठिकाणी होतं.

"पोराला काय झालंय?" तिनं विचारलं.

"दाखवलं आत्ता खाली. ताप आहे. औषध दिलं देलियानं." पेत्रोनाचा आवाज थोडा उतरला, पण थोडाच. "पुढच्या वेळी रात्री ताप आला तर?"

तोमासानं बाईला बांधावर बसवलं, पाणी दिलं, भाकरी आणि मीठ-मिरची दिली. पेत्रोना आधी नको म्हणाली, मग पोराला पाजता पाजता खायला लागली. तोमासानं टोपलीतून वही काढली. अर्ध्याच्या वर भरली होती. तिनं पानं उलटून वही मागच्या बाजूनं उघडली आणि पहिल्या कोऱ्या पानावर वर 'चितुय' लिहिलं. च तिला दोनदा गिरवावा लागला.

"मला लिहिता-वाचता येत नाही," पेत्रोना म्हणाली, वहीकडे संशयानं बघत.

"तू सांग. मी लिहिते. कधीपासून बंद आहे?"

पेत्रोनानं पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि सांगायला लागली.